मुलांच्या धाडसाआधी मोठ्यांची तयारी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही किशोरवयीन आणि तरुण मुलामुलींचा एक गट चालवता. त्यातल्या एका मुलाने आपण समलिंगी असल्याचं तुम्हाला एकट्याला गाठून सांगितलं. दुसरा एक जण, ज्याला सगळे मुलगी म्हणूनच ओळखतात, त्याने आपल्याला मुलाच्या नावाने हाक मारावी असं सुचवलं. दोघांच्याही घरी यातलं काही माहीत नाही. तुम्हाला त्यांच्या पाठीशी उभं राहायचं आहे. तुमच्या काही सहकाऱ्यांना वाटतं की एक जाहीर कार्यक्रम घ्यावा, त्यात दोघांनी आपापले अनुभव सांगावेत, म्हणजे त्यांना धीर येईल आणि लोकांचेही डोळे उघडतील. असा कार्यक्रम कसा आखावा, हे तुम्ही विचारलंय.

कार्यक्रम आत्ता घेऊ नका. तुमच्या हेतूबद्दल मला जराही शंका नाही, पण क्रम उलटा झालाय. मंचावरून बोललेलं परत घेता येत नाही. ऐकणारे टाळ्या वाजवून आपापल्या घरी जातात, आणि बोलणारं मूल त्या रात्री ज्या घरात परततं त्या घराची कुणीच काही तयारी केलेली नसते. अनेक वर्षं या मुलामुलींसोबत आणि त्यांच्या आईवडिलांसोबत काम करताना माझं एक मत पक्कं होत गेलंय: या मुलांकडे धैर्य कमी नसतं. कमी पडतात ती भोवतालची मोठी माणसं. म्हणून काम सुरू करायचं ते मोठ्यांपासून. ती तयार झाली की कुणी बोलायचं, कधी, किती आणि कुणापुढे, हे मुलं स्वतः ठरवतात, आणि बहुतेकदा आपल्यापेक्षा शहाणपणाने ठरवतात.

पहिल्यांदा त्या दोघांनी तुम्हाला जे सांगितलं त्याकडे येऊ. त्यांनी तुम्हाला निवडलं ते सहज नव्हे. कुणीतरी कुणाला ‘बायल्या’ म्हणालं तेव्हा तुम्ही हसलात की थांबवलंत, एखाद्या बातमीवर तुमचा चेहरा कसा झाला, हे सगळं त्यांनी बऱ्याच दिवसांपासून टिपून ठेवलेलं असतं. अशा वेळी लांबलचक बोलायची गरज नसते. ‘तू हे मला सांगितलंस, बरं वाटलं. हे माझ्याजवळच राहील. तुला आत्ता माझ्याकडून काय हवंय?’ एवढं पुरतं. कधी उत्तर येतं, ‘काहीच नको, फक्त कुणाला तरी सांगायचं होतं.’ मग तेच खरं धरायचं, आणि आपल्या मनातली मदतीची यादी खिशातच ठेवायची.

‘नक्की का? अजून लहान आहेस, बदलेल’ असं म्हणू नका. कुणी दोन्हींकडे ओढ वाटते म्हणत असेल, तर ‘एकदा काय ते ठरव’ असंही म्हणू नका. बायसेक्शुअल मुलामुलींना हे वाक्य दोन्ही बाजूंनी ऐकावं लागतं, समलिंगी मित्रांकडूनसुद्धा, आणि त्यांचं एकटेपण त्यामुळे वेगळ्याच प्रकारचं असतं. पुढे काही मुलांना स्वतःबद्दल वेगळं वाटू लागतं, तेही चालतं. आज जे सांगितलं त्याचा मान ठेवला, तर उद्या बदल सांगायलाही ते तुमच्याकडेच येतील.

त्यानंतर तीन गोष्टी विचारून घ्या: हे आणखी कुणाला माहीत आहे, कुणाला मुळीच कळता कामा नये, आणि कुठे कुठल्या नावाने हाक मारायची. तिसरी गोष्ट मोठी माणसं हमखास विसरतात. गटात मुलाचं नाव, पण घरी फोन केला तर जुनंच नाव, असं तो सांगेल. आणि तुमचा एखादा प्रेमळ सहकारी उत्साहाच्या भरात त्याच्या आईसमोर नवं नाव घेऊन मोकळा होईल. म्हणून तुमच्या व्यवस्थेत हे नाव कुठे कुठे उमटतं ते आधी तपासा: हजेरीची वही, सहलीचं संमतिपत्र, व्हॉट्सअॅपचा ग्रुप, भिंतीवरची यादी, फोटोखालची ओळ. मुलाच्या संमतीशिवाय त्याची लैंगिकता किंवा लिंगभाव, म्हणजे आपण मुलगा की मुलगी याची त्याची स्वतःची जाणीव, कुणाला कळणं, याला आपल्या कामात ‘आउट करणं’ म्हणतात. त्यापायी मारहाण झालेली, शिक्षण बंद झालेलं, घाईघाईने लग्न लावून दिलेलं, घराबाहेर काढलेलं, हे सगळं मी पाहिलंय. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असल्याने त्यातलं काहीच टळत नाही.

गुप्ततेला मर्यादा असतात, पण त्या पहिल्याच दिवशी सांगून टाका. ‘तुझ्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, किंवा कुणी तुझ्यावर अत्याचार करतंय असं कळलं, तर मला आणखी एखाद्या माणसाची मदत घ्यावी लागेल. पण ती कुणाची घ्यायची ते आधी तुझ्याशी बोलेन.’ अल्पवयीन मुलांवरच्या अत्याचाराची माहिती कळवणं अनेक ठिकाणी कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्याकडचा नियम काय, ते आधीच माहीत करून घ्या. समलिंगी असणं मात्र या मर्यादेत मोडत नाही. केवळ तेवढ्यासाठी पालकांना फोन करण्याचा अधिकार कुणालाही नाही. जगातल्या ६०हून अधिक देशांत समलिंगी संबंध आजही गुन्हा मानले जातात. तिथे तर कुठल्याही वहीत अशी नोंद असणं म्हणजे मुलाविरुद्ध पुरावा तयार करून ठेवणं आहे.

आता थोडं ‘का’ याविषयी, कारण तुमच्या सहकाऱ्यांपैकी कुणीतरी नक्की विचारेल की या मुलांना नैराश्य जास्त येतं, म्हणजे मुळातच काही बिघाड असेल ना? अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने १९७३ मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी तसाच निर्णय घेतला. १७ मे हा दिवस समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या द्वेषाविरुद्धचा दिवस म्हणून जगभर पाळला जातो तो त्याचमुळे. ट्रान्स असण्याशी, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळा लिंगभाव असण्याशी, जोडलेलं निदान संघटनेच्या २०१९ मध्ये मंजूर झालेल्या यादीत मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढलं गेलं. मग त्रास येतो कुठून? इलान मायर या संशोधकाने १९९५ मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये याची नीट मांडणी केली. भेदभाव आणि टोमणे हा एक थर. ते कधीही वाट्याला येतील म्हणून सतत सावध राहणं हा दुसरा. स्वतःला लपवणं हा तिसरा, आणि लोक बोलतात तेच खरं असेल असं स्वतःलाच वाटू लागणं हा चौथा. हा ताण रोजच्या ताणाच्या वर चढतो आणि वर्षानुवर्षं साचत जातो. सहकाऱ्यांना हे समजलं की एक मोठी गोष्ट साधते: ते मुलाला दुरुस्त करायला जात नाहीत, टोमणे बंद करायला जातात.

घराबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण बाकी सगळं बरं असून घर बिघडलेलं असेल तर मूल तग धरत नाही. आणि घर थोडंसं जरी सावरलं, तरी बाहेरचं बरंच काही सोसता येतं.

केटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को इथून केलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. २१ ते २५ वयाच्या २२४ लेस्बियन, गे आणि बायसेक्शुअल तरुणांना त्यांनी विचारलं, किशोरवयात घरच्यांनी तुमच्याशी नेमकं काय केलं? ज्यांच्या वाट्याला घरून खूप नकार आला होता, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता नकार न मिळालेल्या किंवा कमी मिळालेल्यांपेक्षा ८.४ पट आणि तीव्र नैराश्याची शक्यता ५.९ पट होती. हे आकडे अनेकदा सांगितले जातात. माझ्या कामाला त्या अभ्यासातली दुसरी बाजू जास्त उपयोगी पडली: ज्यांच्या घरी नकार मध्यम होता, त्यांचा धोका तीव्र नकार सोसलेल्यांपेक्षा खूपच कमी होता. म्हणजे आईवडिलांचं मतपरिवर्तन होईपर्यंत थांबून राहायची गरज नाही. त्यांच्या मनात अजून दुःख असेल, श्रद्धा आडवी येत असेल, ‘लोक काय म्हणतील’ याची धास्ती असेल. तरी मारणं, मित्रांपासून तोडणं, फोन काढून घेणं, ‘तुझ्यामुळे आम्हाला तोंड दाखवायला जागा उरली नाही’ हे रोज ऐकवणं, एवढं जरी थांबलं तरी मुलाच्या जिवावरचा धोका उतरतो.

हे समजल्यापासून पालकांशी माझं बोलणंच बदललं. मी त्यांना पटवायला बसत नाही. ‘तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते?’ असं विचारते आणि गप्प बसते. बहुतेक वेळा उत्तर येतं ते प्रेमातूनच: म्हातारपणी याला कोण सांभाळेल, हिला कुणी इजा केली तर, नोकरी मिळेल का, आमच्या वाढवण्यात काय चुकलं? शेवटच्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर द्यावं: तुमच्या वाढवण्याने हे झालेलं नाही. बाकीच्या भीती खऱ्या असतात, त्या खोडून काढू नयेत. फक्त एवढं दाखवून द्यावं की जगाची भीती वाटते म्हणून मुलाला घरातच तोडलं, तर जगात धक्का बसल्यावर ते परत कुठे येणार? मग पुढच्या पंधरवड्यासाठी दोनच गोष्टी मागायच्या. जेवायला एकत्र बसायचं आणि त्या वेळात हा विषय काढायचा नाही. आणि नातेवाइकांपैकी कुणी टोमणा मारला, तर ‘आमच्या लेकराबद्दल असं बोलायचं नाही’ एवढं म्हणायचं. दुसरी गोष्ट जमली, तर मुलाच्या चेहऱ्यात दिसणारा फरक पालकांना स्वतःलाच दिसतो. पुढचं त्यांना सांगावं लागत नाही.

आईवडिलांना सगळ्यात जास्त पटतं ते दुसऱ्या आईवडिलांचं. न्यूयॉर्कमध्ये जीन मॅनफर्ड नावाची शिक्षिका होती. तिच्या समलिंगी मुलाला एका निदर्शनात मारहाण झाली. १९७२ च्या जूनमध्ये ती मुलासोबत मोर्चात चालली. हातातल्या फलकावर पालकांनी आपल्या मुलांच्या पाठीशी एकत्र यावं असं आवाहन होतं. रस्त्यात तरुण मुलंमुली येऊन तिला विनवू लागली, आमच्या आईवडिलांशी बोलाल का? १९७३ मध्ये एका चर्चमध्ये तिने पालकांची पहिली बैठक घेतली. जमली ती जेमतेम वीसेक माणसं. आज पीफ्लॅग म्हणून ओळखली जाणारी संघटना तिथून उभी राहिली. तुम्हाला संघटना उभारायची नाही. दोन-तीन घरांतले, काही वर्षं या वाटेवर चाललेले पालक शोधा, आणि नव्याने कळलेल्या पालकांशी त्यांची गाठ घालून द्या. मात्र हे सगळं मुलाने घरी सांगितल्यावर, किंवा घरी आपोआप कळल्यावर. घरी सांगायची घाई मुलालाही करू देऊ नका. त्याला विचारा: घरच्यांनी वाईटात वाईट काय केलं, तर त्या रात्री तू कुठे जाशील? फी कोण भरेल? कागदपत्रं कुठे आहेत? या प्रश्नांना उत्तरं नसतील, तर अजून न सांगणं हा भित्रेपणा ठरत नाही. स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत थांबलेली कितीतरी मुलं पुढे घरच्यांशी उत्तम नातं राखून आहेत.

तुमच्या गटातल्या दुसऱ्या मुलाचं नाव हा किरकोळ मुद्दा समजू नका. स्टीफन रसेल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १५ ते २१ वयाच्या १२९ ट्रान्स आणि तत्सम तरुणांची पाहणी प्रसिद्ध केली. घर, शाळा, कामाची जागा, मित्रमंडळी या चारपैकी आणखी एका ठिकाणी जरी निवडलेलं नाव वापरलं जाऊ लागलं, तरी आत्महत्येचे विचार २९ टक्क्यांनी आणि प्रत्यक्ष कृती ५६ टक्क्यांनी कमी आढळली. तुमचा गट हे त्यातलं एक ठिकाण होऊ शकतो. याला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. नाव चुकलं तर ‘माफ कर’ म्हणून दुरुस्त करायचं आणि बोलणं पुढे न्यायचं. पाच मिनिटं दिलगिरी व्यक्त करत बसलात, तर उलट त्यालाच तुमचं सांत्वन करावं लागतं. कपडे, केस, खेळात कुठल्या बाजूला उभं राहायचं, मुक्कामी शिबिरात कुठे झोपायचं, स्वच्छतागृह कुठलं वापरायचं, हे प्रश्न येणारच. ते ऐनवेळी सगळ्यांसमोर सोडवू नका. आधी एकांतात त्याला विचारा. आणि आतून बंद करता येईल असं एक स्वच्छतागृह, कुणी वापरायचं याची पाटी न लावता, सगळ्यांसाठीच मोकळं ठेवा. लाजाळू मुलं आणि अपंग मुलंही ते वापरतील.

शाळा-महाविद्यालयांशी तुमचा संबंध असेल, तर दोनच गोष्टींचा आग्रह धरा. एक, छळाविरुद्धचा नियम लेखी हवा आणि त्यात लैंगिक कल व लिंगभाव हे शब्द स्पष्ट लिहिलेले हवेत. ‘कुणालाही त्रास देऊ नये’ एवढ्या मोघम नियमाने शिक्षकाला ऐनवेळी बळ मिळत नाही. दोन, मुलांचा स्वतःचा गट, ज्यात समलिंगी-ट्रान्स मुलं आणि त्यांचे बाकीचे मित्र एकत्र बसतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९८८ मध्ये असा पहिला गट सुरू झाला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या संशोधनात, असे गट तीनेक वर्षं टिकून असलेल्या शाळांत आत्महत्येचे विचार कमी आढळले, आणि ते फक्त समलिंगी मुलांत नव्हे, इतर मुलांतही. ‘मर्दासारखा वाग’ हा धाक सगळ्याच मुलांच्या मानेवर असतो. तो सैल झाला की सगळेच मोकळा श्वास घेतात.

एलजीबीटीआय (लेस्बियन, गे, बायसेक्शुअल, ट्रान्स, इंटरसेक्स) यातल्या शेवटच्या अक्षराबद्दल, इंटरसेक्स मुलांबद्दल, थोडं वेगळं बोलायला हवं. इंटरसेक्स असणं ही शरीराची जन्मजात विविधता आहे: गुणसूत्रं, संप्रेरकं किंवा जननेंद्रियं यांची ठेवण ठरावीक स्त्री-पुरुष साच्यात बसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या माहितीनुसार, व्याख्या जितकी व्यापक धरावी तितकं हे प्रमाण वाढतं, ०.०५ ते १.७ टक्के असा अंदाज दिला जातो. त्या व्यक्तीचा लैंगिक कल कुठलाही असू शकतो, आणि अनेक इंटरसेक्स लोक स्वतःला स्त्री किंवा पुरुषच मानतात. त्यांची मुख्य वेदना वेगळीच असते. विसाव्या शतकाच्या मध्यापासून बाळपणीच शस्त्रक्रिया करायची आणि मुलाला त्याबद्दल काहीच सांगायचं नाही, अशी वैद्यकीय पद्धत पडली. अनेकांना मोठेपणी जुनी कागदपत्रं चाळताना ते कळलं. २६ ऑक्टोबर १९९६ रोजी बॉस्टनमध्ये बालरोगतज्ज्ञांच्या परिषदेबाहेर इंटरसेक्स कार्यकर्त्यांनी निदर्शनं केली. त्या तारखेला आता इंटरसेक्स जागृती दिन पाळतात. मुलाच्या स्वतःच्या संमतीशिवाय होणाऱ्या अशा अनावश्यक शस्त्रक्रियांवर माल्टाने २०१५ मध्ये कायद्याने बंदी घातली. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तमिळनाडूतही जिवाला धोका असल्याशिवाय लहान इंटरसेक्स मुलांवर अशी शस्त्रक्रिया करू नये, असा आदेश निघाला. तुमच्या गटात असं कुणी आलं, तर शरीराबद्दल एकही कुतूहलाचा प्रश्न विचारू नका. वैद्यकीय कागद मिळवायला सोबत जा, आणि इतर इंटरसेक्स व्यक्तींशी ओळख करून द्या. ही ओळख कुठल्याही समुपदेशनापेक्षा जास्त काम करते. आणि ज्या गटात या विषयावर कुणी कधी बोललेलंच नाही, त्याच्या नावात ‘आय’ हे अक्षर शोभेसाठी लावू नये.

समुपदेशकाकडे पाठवताना डोळे उघडे ठेवा. ‘बदलून देतो’ म्हणणारे जगात सगळीकडे आहेत. कुणी औषधाच्या नावाने, कुणी प्रार्थनेच्या, कुणी संमोहनाच्या. संयुक्त राष्ट्रांचे स्वतंत्र तज्ज्ञ व्हिक्टर माद्रिगाल-बोर्लोझ यांनी २०२० च्या अहवालात या प्रकारांवर जगभर बंदी घालण्याची मागणी केली. माल्टाने ती २०१६ मध्ये, कॅनडा आणि फ्रान्सने २०२२ मध्ये घातली. कायदा असो वा नसो, मुलाला पाठवण्यापूर्वी समुपदेशकाला स्वतः भेटून विचारा: पालकांनी ‘याला नॉर्मल करा’ असं सांगितलं तर तुम्ही काय कराल? मुलाने सांगितलेलं पालकांना सांगता का? ट्रान्स तरुणांबरोबर आधी काम केलंय का? पहिल्या प्रश्नाला ‘प्रयत्न करून पाहू’ असं उत्तर आलं, तर आभार मानून निघा. धर्माचं मार्गदर्शन करणाऱ्यांपैकी मायेने ऐकणारेही असतात. मूल श्रद्धाळू असेल, तर त्याची श्रद्धा काढून घेऊ नका. असा माणूस शोधून द्या.

एकटी पडलेली मुलं आधार शोधतात तो बहुतेक मोबाइलवर, आणि तो तिथे खरोखर मिळतोही. म्हणून ‘इंटरनेटपासून लांब राहा’ हा सल्ला कुचकामी आहे. त्याऐवजी सुरक्षितपणे कसं वावरायचं ते शिकवा. चेहरा आणि नको तो भाग एकाच फोटोत पाठवायचा नाही. पहिली भेट दिवसा, गर्दीच्या जागी, आणि कुठे चाललोय हे एका विश्वासू माणसाला सांगून. कुणी ‘घरी सांगेन’ म्हणून पैसे मागू लागलं तर एकही रुपया द्यायचा नाही, बोलणं पुसायचं नाही, स्क्रीनशॉट काढून लगेच तुमच्याकडे यायचं. खंडणी मागणारा एकदा पैसे मिळाले की थांबत नाही. अशा वेळी मुलाला ‘तू तिथे गेलासच कशाला?’ असं ऐकावं लागलं, तर पुढच्या वेळी ते एकटंच बुडेल.

आत्महत्येबद्दल विचारायला घाबरू नका. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ असं सरळ, शांत आवाजात विचारा. उत्तर ‘हो’ आलं, तर कसं, कधी, काही जमवून ठेवलंय का, हेही विचारा. एकटं सोडू नका, साधन हाताशी राहू देऊ नका, आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनपर्यंत पोचवा. अमेरिकेत ट्रेव्हर प्रोजेक्टच्या २०१९ च्या पाहणीत आढळलं की स्वीकार करणारी एक जरी मोठी व्यक्ती आयुष्यात असली, तरी या तरुणांमध्ये मागच्या वर्षभरात आत्महत्येचा प्रयत्न केल्याची शक्यता ४० टक्क्यांनी कमी होती. तुमच्या त्या दोघांना अशी एक व्यक्ती मिळालेली आहे.

आता सक्षमीकरण. हा शब्द फार स्वस्त झालाय. मुलांना टी-शर्ट देऊन व्यासपीठावर बसवणं म्हणजे सक्षमीकरण नाही. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेसाठी उभं करणं आणि नावापुरतं सामील करणं, यांना त्यांनी सहभाग मानलंच नाही. तुमच्या सहकाऱ्यांनी सुचवलेला कार्यक्रम तिसऱ्या पायरीवर बसतो. वर चढायचं तर साधी गोष्ट तपासा: पैसा कशावर खर्च करायचा हे कोण ठरवतं, बैठकीचे विषय कोण लिहितं, आणि मुलांनी ‘नको’ म्हटलं तर गोष्ट खरंच थांबते का? लहानशी रक्कम त्यांच्या हाती सोपवा आणि हिशेब मागा. बैठक त्यांना चालवू द्या. बाहेर कुठे बोलायला नेलंत, तर मानधन आणि प्रवासखर्च द्या. अनुभव सांगणं हेही काम आहे. त्यांच्याकडून फक्त दुःखाच्या कहाण्या मागू नका. एखाद्याला विज्ञानाबद्दल बोलायचं असेल, एखादीला नाटक बसवायचं असेल. गे मुलगा उत्तम पंच म्हणून सगळ्यांना माहीत असणं, हेही त्याचं वस्तीतलं स्थान आहे, आणि कधीकधी जास्त टिकाऊ असतं.

पुढच्या सहा महिन्यांत काय करावं, याबद्दल माझा सल्ला असा. गट चालवणारे सगळे मोठे एकत्र बसा आणि प्रसंग घेऊन सराव करा: कुणी ‘छक्का’ म्हणून चिडवलं, आता बोला, एका मुलीची आई फोनवर विचारतेय, ती त्या मैत्रिणीबरोबर एवढी का फिरते, आता बोला. वाचून हे येत नाही, तोंडात बसावं लागतं. हा सराव करताना त्या दोघांचा उल्लेखही होता कामा नये. त्यांनी सांगितलेलं तुमच्यापाशीच राहिलं पाहिजे, आणि सहकाऱ्यांपैकी ज्यांना आधीच कळलंय त्यांनाही हे बजावून सांगा. त्यांच्यापैकी एखाद्याला हे मान्यच नसेल, तर त्याला मत बदलायला वेळ द्या, पण वागणं आजपासून बदलायला सांगा. मुलांसमोर अपमान करणारा माणूस गटात राहू शकत नाही. गटाच्या नियमांत दोन ओळी वाढवा आणि त्या सगळ्यांना वाचून दाखवा. पुस्तकांच्या फळीवर, भिंतीवरच्या चित्रांत, उदाहरणांत ही माणसं सहजपणे दिसू द्या. तेवढ्याने आणखी कुणीतरी, ज्याच्याबद्दल तुम्हाला आज कल्पनाही नाही, बोलायला येईल.

आणि हे सगळं तुमच्या एकट्याच्या खांद्यावर ठेवू नका. सध्या ती दोन मुलं फक्त तुमच्याशी बोलतात. तुम्ही आजारी पडलात, गाव सोडलंत, किंवा रात्री दोनला फोन आला आणि तुमचा बंद असला, तर? त्या दोघांना विचारून, त्यांना चालेल अशी दुसरी एक मोठी व्यक्ती निवडा. तिला काय काय माहीत असावं हे त्यांनीच ठरवू दे. तिचा नंबर त्यांच्याकडे, आणि गरज पडल्यास दोन रात्री राहता येईल अशा घराचा पत्ता तुम्हा दोघांकडे, हे या महिन्यात करून टाका.